डाव्या हाताची चरखी

घासलेट आता कुठेच मिळत नाही. देवासच्या आमच्या बाजारात मी चार दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "अम्मा, घासलेट तो अब फोटू में देखने को मिलेगा." हसला मेला. शेवटी हे पंपावर जाऊन बाटलीभर डिझेल घेऊन आले. येताना रंगाच्या दुकानातून थिनर आणि काळ्या रंगाची बोटभर डबीही आणली. सगळं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "घ्या. होऊन जाऊ द्या माशाच्या यंत्राचं अभ्यंगस्नान."

आमचे हे असेच. मदत करतील, पण कुरकुरल्याशिवाय करणार नाहीत.

उद्या खंडेनवमी. यंदा मनात आलं, आबांची चरखी पूजेत मांडायची. आबा म्हणजे माझे वडील. धारचं घर विकलं तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आली, आणि ती मी पंधरा वर्षं उघडली नाही. का, ते मला विचारू नका. परवा उघडली तर आधी वास आला बंदुकीच्या तेलाचा. इतक्या वर्षांनी! कानशी, पान्हे, जंबूर, आणि सगळ्याच्या खाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली चरखी. दोरी कुजून तिचा भुगा झाला होता, दांडा जाम होता आणि आतलं वंगण हिंगाच्या खड्यासारखं वाळलं होतं.

चरखी म्हणजे मासे धरायच्या काठीला लावतात ते यंत्र. त्याच्यावर दोरी गुंडाळलेली असते. दांडा फिरवला की पाण्यात लांब टाकलेली दोरी परत येते. इंग्रजीत तिला काय म्हणतात ते म्हणोत. माळव्यात पतंगाचा मांजा गुंडाळतात ती चरखी, म्हणून आबांनी हिलाही चरखीच म्हटलं. अगदी साधी, स्वस्तातली वस्तू. कारखान्याचं नावसुद्धा धड उमटलेलं नाही. डावी बाजू पांढऱ्या धातूची, उजवी बाजू काळ्या रंगानं माखलेली.

आज सकाळी चष्मा लावून बसले. जुन्या लुगड्याचा तुकडा पसरला, शेजारी दात घासायचा जुना ब्रश, टाचणी, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. हे पेपर वाचत होते. पेपरच्या वरून डोकावून म्हणाले, "दांडा डावीकडे का गं हिचा?"

"डाव्या हातासाठी आहे म्हणून."

"छे! धरणावर आमच्या साहेबांकडे होती अस्सीच. दोन्ही अंगांना भोक असतं. हवा तिकडे दांडा लावायचा. आणि उजव्या हाताची माणसंसुद्धा पुष्कळदा डावीकडेच लावतात. काठी उजव्या हातात, दांडा डाव्या."

"हिला उजवीकडे भोक नाही."

"अगं, असणार. नीट बघ."

"नाही म्हटलं ना! ही डावखुऱ्यांसाठीच केलेली आहे. माझ्यासाठी."

इतक्या जोरात बोलले की शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून बघायला लागली. ह्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. मलाच मग कसंतरी झालं. पण काय करू? आयुष्यभर मी एका गोष्टीवर टेकून उभी आहे, की या जगात निदान एक वस्तू माझ्या हातासाठी बनलेली आहे. ती कुणी सकाळच्या चहाबरोबर सहज काढून घ्यावी?

मी डावखुरी. आज हे सांगायला काही वाटत नाही. आता डावखुरी मुलं क्रिकेट खेळतात आणि आया कौतुकानं सांगतात. आमच्या वेळी धारला आमच्या घरात हा शब्द हळू आवाजात बोलायचे.

आई मला आठवत नाही. घर आत्या सांभाळायची, आबांची थोरली बहीण. तिला धाकट्या भावाची आणि त्याच्या पोरीची काळजी इतकी, की त्या काळजीपायी ती जेवताना माझा डावा हात चिंधीनं पाटाला बांधायची. गाठ मात्र सैल मारायची, हे मी कबूल करीन. "उद्या सासरी डाव्या हातानं वाढलंस तर ताटावरून उठतील माणसं," म्हणायची. हळदीकुंकवाला मला घेऊन जायची तिला धास्ती वाटे. कुणी कुंकवाची कोयरी पुढे केली की माझा नेमका डावा हात पुढे जायचा. मग आत्या घरी येऊन भिंतीला टेकून बसायची आणि आबांना म्हणायची, "पोरीत खोट आहे रे. कोण पदरात घेणार हिला?"

आबा कानस चालवत राहायचे.

शाळेत मास्तरांची पट्टी होतीच. उजव्या हातानं लिहायला लावलं त्या वर्षापासून माझी जीभ अडखळायला लागली. "प" म्हणायला गेले की तीनदा प. मुली हसायच्या. मग मी बोलणंच सोडून दिलं. फक्त भाद्रपदात, गल्लीतल्या मुली भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे चंद्र-सूर्य-फुलांची चित्रं, काढायच्या तेव्हा माझा डावा हात मोकळा असायचा. शेणाला डावा चालतो, असं आत्याचंच शास्त्र. माझा चंद्र सगळ्यांत गोल यायचा. ताज्या शेणाचा वास, त्यावर चिकटवलेल्या गुलतेवड्याच्या पाकळ्या, आणि माझी पाची बोटं ओल्या भिंतीवर. सोळा दिवसांनी संजा उतरायची आणि हात पुन्हा पाटाला.

आबा धारच्या संस्थानात शिलेखान्यात होते. बंदुका, तलवारी, दरबारची घड्याळं, जे बिघडेल ते त्यांच्या हाताखालून जायचं. मग संस्थान गेलं आणि शिलेखान्याला कुलूप लागलं. आबांनी बाजारात एक बोळकांडीसारखं दुकान घेतलं आणि स्टोव्ह, शिलाई मशीन, कुलपं दुरुस्त करायला बसले. पण सवय शिलेखान्याचीच. समोर स्वच्छ फडकं पसरायचं. वस्तू सुटी करताना निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे एका ओळीत मांडायचा, आणि जोडताना उजव्या टोकापासून उचलत यायचं. एक खिळा इकडचा तिकडे होत नसे. मी शाळेतून येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची आणि ती ओळ बघायची. घासलेटचा वास, हवेत कानशीची किरकिर, आणि आबांची लांबसडक बोटं. असे हात मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत. दृष्ट लागावी असे हात!

देवासला माझी मावशी राहायची. एकदा होळीनंतर आबा मला घेऊन तिच्याकडे आले होते. टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या सामानवाल्याचं दुकान होतं. महूच्या छावणीतून गोरे साहेब निघून गेले तेव्हा त्यांनी मागे टाकलेलं सामान त्यानं गाडीभर आणून ठेवलं होतं. चेपलेल्या हॅट, कान तुटलेल्या किटल्या, तार उसवलेल्या रॅकेटी. आबांनी त्याचा एक स्टोव्ह तिथल्या तिथे पेटता करून दिला, आणि त्या बदल्यात ढिगातून ही चरखी उचलली.

सामानवाला प्रामाणिक. म्हणाला, "भिया, ले जाओ, पर पेलेई बोल देता हूँ, इसमें खोट है. बनाने वाले ने डंडी उल्टी तरफ लगा दी."

खोट. तोच शब्द. मी मान खाली घातली.

आबांनी एक डोळा मिटून चरखी पुष्कळ वेळ न्याहाळली. इकडून, तिकडून, उजेडाकडे धरून. मग माझ्याकडे बघितलं, आणि चरखी माझ्यापुढे धरली. "फिरव."

मी उजवा हात पुढे केला. सवयच लावली होती ना! आबा म्हणाले, "अं हं. तो नाही. तुझा."

माझा! माझ्या डाव्या हाताला कुणी 'तुझा' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी दांडा धरला आणि फिरवला. आत गंज होता तरी फिरला. किर्र किर्र किर्र, असा बारीक आवाज आला.

"पोरी, ही तुझ्यासाठी केलीय," आबा म्हणाले.

"कु... कु... कुणी?"

"विलायतेच्या कारखान्यानं. तिकडे डावखुरी माणसं पुष्कळ. त्यांच्यासाठी वेगळ्या चरख्या काढतात."

सामानवाल्याला मराठी किती कळली देव जाणे, पण त्यानं मान डोलावली. "हाँ हाँ, बेबी के लिए ही है." मोटारीनं धारला पोचेपर्यंत मी ती किरकिरवत होते. शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "बाई, अब रहम कर."

धारला आल्यावर आबा म्हणाले, "दे, साफ करतो." दोन दिवस चरखी दुकानात होती. दोन दिवस मला काही गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी आली ती अशी चकचकीत, की मी ओळखली नाही. एक अंग पांढरं, एक अंग काळं. "उजवीकडचा धातू कच्चा आहे, त्याला रंग दिलाय," आबा म्हणाले. "तिकडून कधी उघडायची नाही. तिकडे काही नाही." मी हो म्हटलं. आबा म्हणाले की संपलंच.

मग बांबू आला. आबांनी तो चुलीच्या आरावर फिरवून सरळ केला. सायकलच्या तारा वाकवून त्याला दोरी ओवायच्या कड्या केल्या. अंगणात एक घमेलं ठेवलं, दोरीच्या टोकाला गळाऐवजी सुपारी बांधली आणि म्हणाले, "घमेल्यात टाक." उन्हाळाभर मी सुपारी टाकत होते. आत्याच्या तुळशीत पडली, पापडांवर पडली, एकदा दारातून येणाऱ्या पोस्टमनच्या टोपीवर पडली. काठी उजव्या हातात, दोरी एका बोटानं अडवायची, झटका द्यायचा, बोट सोडायचं, आणि परत ओढायला डावा. ज्येष्ठ लागला तोवर दहातल्या आठ सुपाऱ्या घमेल्यात टणकन वाजायला लागल्या. आबा दुकानातून येऊन ओट्यावर बसायचे आणि मोजायचे. आठवी वाजली की नुसते मिशीत हसायचे.

धारला साडेबारा तलाव, असं म्हणतात. आम्ही मुंज तलावावर जायचो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलेलं, काठाला शेवाळाचा हिरवा वास, चिखलात म्हशींच्या खुरांचे खळगे. कणकेत हळद आणि हिंग मळून आबा बोराएवढ्या गोळ्या करायचे. त्या हिंगापायी आत्याची आणि त्यांची रोज जुंपे. "आमटीला हिंग नाही आणि माशांना आहे! जावई आहेत का ते तुझे?"

एका सकाळी दोरी ताणली. काठी वाकली. मी किंचाळले, "आबा, धरा!" आबा हातभर अंतरावर उभे होते, पण त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले. "तुझा तू ओढ."

किर्र किर्र किर्र. डाव्या हाताच्या मनगटातून मासा मला कळत होता. कधी जड, कधी हलका. किती वेळ गेला सांगता येणार नाही. रोहू होता, चांगला कोपरभर. चिखलात येऊन आपटला तेव्हा मी म्हणाले, "आबा, पाहिलंत? पकडला मी! पकडला!" प एकदाच आला. ते माझ्या ध्यानात नंतर आलं. आबांच्या तेव्हाच आलं असणार, कारण ते पाठ फिरवून उगाच डब्याचं झाकण लावत बसले.

घरी मात्र परीक्षा होती. आत्यानं स्वतः मासळी खायची सोडली होती तरी परसातल्या वेगळ्या चुलीवर आमच्यासाठी रांधायची. रोहू बघून तिचे डोळे लकाकले, आणि लगेच कपाळाला आठी. "कुठल्या हातानं ओढलास गं?"

मी डावा हात पाठीमागे नेला.

"डाव्या हातानं ओढलेलं अन्न मी शिजवणार नाही. शेण आहे का हे? अन्न आहे. दांडा उजवीकडे लाव रे हिचा, आणि मग आणा काय आणायचं ते."

मी चरखी पोटाशी धरली. दांडा उजवीकडे गेला असता तर चरखी माझी राहिली नसती. ती सगळ्यांची झाली असती आणि माझा हात पुन्हा पाटाला बांधला गेला असता.

आबा चुलीतलं लाकूड सारखं करत म्हणाले, "आक्का, उजवीकडे भोकच नाही. लावू कुठे?"

"भोक नाही?"

"नाही. बनवणाऱ्यानं डाव्या हातासाठीच केलीय."

आत्यानं चरखी हातात घेतली. बाजारातून घागर घेताना बघायची तशी पालथी-उताणी करून बघितली. उजव्या काळ्या अंगावरून अंगठा दाबून फिरवला, एकदा, दोनदा. सपाट. मग डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे तिकडे सायबाच्या देशात पण असतात होय अशी?"

"असतात. त्यांच्यासाठी कारखाने असतात."

"अगंबाई! कारखाने!" आत्या चुलीपुढे बसली. फुंकणीनं जाळ फुलवला. मग म्हणाली, "यंत्रच डावं. त्याला पोर तरी काय करणार?" आणि हात लांब करून म्हणाली, "आण इकडे तो मासा. आणि ती मांडूची चिंच काढ फडताळातून."

मांडूची आंबट, पांढरी चिंच, म्हणजे गोरखचिंच, नालछ्याकडच्या बायका टोपल्यांतून विकायला आणत. ती घालून आत्यानं केलेल्या त्या कालवणाची चव मी पुढे कितीदा आणायला बघितली. साधली नाही. त्या दिवशी मी जेवायला बसले आणि वाट बघत राहिले, पण आत्या चिंधी घेऊन आली नाही. मी उजव्या हातानंच जेवले. आपण होऊन. डावा हात मांडीवर मोकळा पडला होता आणि मी मधूनमधून त्याच्याकडे बघत होते.

त्या आश्विनात खंडेनवमीला आबांनी नेहमीसारखी हत्यारं पाटावर मांडली आणि शेवटी चरखीही ठेवली. आदल्या दिवशी तिला तेलपाणी झालं होतं, उजव्या अंगाला काळ्या रंगाचा नवा हातही दिला होता. पुढे दर वर्षी ते तसंच करत. मी म्हणायची, "आबा, आहे की अजून रंग." ते म्हणायचे, "असू दे, गंजेल." आत्यानं कानशीला कुंकू लावलं, हातोडीला लावलं, चरखीच्या दांड्याला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात पुढे कर. तो नव्हे, दुसरा." आणि माझ्या डाव्या मनगटावर बोट टेकवलं. "यंत्राला लावलं तर चालवणारीलाही लावायला नको?" आवाज असा, जणू माझ्यावर रागावलीय. झेंडूचा वास, उदबत्ती, बंदुकीचं तेल. आबा निरांजनाची वात पुढे सारत होते, ती आधीच पुढे होती.

आत्या गेली, आबा गेले. मी शिकले, शाळेत शिकवलं, तीस वर्षं वर्गापुढे उभी राहून न अडखळता बोलले. फळ्यावर डाव्या हातानं लिहायची. कुणी विचारलं तर सांगायची, विलायतेत आमच्यासाठी कारखाने आहेत.

हे सगळं मनात घोळत होतं आणि हात चालू होते. हे झेंडू आणायला बाजारात गेले. जाताना दारातून म्हणाले, "बघून ठेव हं, उजवीकडे."

मी आबांसारखीच मांडत गेले. दोरीचं चाक, तारेची कमान, दांडा, डाव्या अंगाचं झाकण, मोठं दातेरी चक्र, छोटं दातेरी चक्र. डावीकडून उजवीकडे, एक ओळ. टाचणीनं दातांतलं वाळलं वंगण काढलं. मग उजव्या अंगाकडे वळले. रंगाचे थरावर थर. ब्रश फिरवला तर एक पोपडा उडाला आणि खाली काहीतरी पिवळं चमकलं.

मी कापसावर थिनर घेतलं. पुसत गेले. काळ्यातून एक गोल टिकली वर आली. पितळेची, जुन्या चवलीएवढी. तिच्यावर तिरप्या बारीक रेघा, कानशीच्या. त्या रेघा मी कुठेही ओळखीन. मी चरखी उचलून डाव्या बाजूनं आत बघितलं. पलीकडच्या भिंतीत गोल भोक होतं. आटे पाडलेलं, नीटस, दांड्याच्या मापाचं. बाहेरून पितळेची टिकली ठोकून बुजवलेलं.

आत्याचा अंगठा आठवला. सपाट.

दोन दिवस चरखी दुकानात होती. दोन दिवस माझ्या आबांनी, ज्यांनी उभ्या जन्मात कुठल्या वस्तूला नको तिथे कानस लावली नाही, चांगल्या यंत्राचं चांगलं भोक बुजवलं होतं. आणि मरेपर्यंत दर खंडेनवमीला त्याच्यावर रंग देत राहिले. कसला कारखाना आणि कसली विलायत! मी रडले. खोटं कशाला सांगू? लुगड्याच्या त्या तुकड्यानं डोळे पुसले तर डिझेल झोंबलं, म्हणून आणखी रडले.

मग एकेक भाग उचलला, उजव्या टोकापासून. तेल सोडलं. दांडा बसवला. किर्र किर्र किर्र. फिरली! काळ्या रंगाची डबी उघडली आणि डाव्या हातात ब्रश घेऊन त्या टिकलीवर रंगाचा एक हात दिला. तो जरा सुकला, तसा दुसरा दिला.

हे झेंडू घेऊन आले. पिशवी ठेवायच्या आधी विचारलं, "काय गं, बघितलंस? आहे ना भोक?"

"नाही हो," मी म्हणाले. "भोकच नाही."

त्यांनी चरखीच्या ओल्या काळ्या अंगाकडे बघितलं. मग माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं, त्याला रंग लागला होता. मग माझ्या डोळ्यांकडे.

"असेल," ते म्हणाले. "ही डाव्या हाताचीच असेल." आणि चहा ठेवायला आत गेले.